‘आम्ही सांभाळून घेऊ’ म्हणजे नेमकं काय करणार?

ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि इतर विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळा-कॉलेजबद्दल नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे: ‘शाळा म्हणते, आम्ही सांभाळून घेऊ.’ हे वाक्य मायेनं म्हटलेलं असतं. पण सोमवारी तिसऱ्या तासाला कोण, काय आणि किती मिनिटं करणार, हे त्यातून कळत नाही. खालची उत्तरं तेवढ्यासाठीच आहेत.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, मराठी माध्यमात. ऑटिझमचं निदान झालं आहे. घंटा वाजली की कान झाकतो आणि दिवसातून तीन-चार वेळा वर्गातून पळतो. शाळा म्हणते, पूर्णवेळ शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत थांबणारा मदतनीस) द्या नाहीतर दुसरी शाळा बघा. तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. — एक आई, इंदिरानगर

ताई, आधी कायद्याचं, थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 सांगतं की अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात. हे तुम्हाला माहीत असू द्या, पण पहिल्याच भेटीत कलमं टेबलावर ठेवू नका. वर्गशिक्षिका दुरावल्या तर मुलगा वर्गात असूनही एकटा पडेल.

मुख्याध्यापकांकडे दोन आठवडे मागा आणि तेवढ्या दिवसांत बाईंना एक वही ठेवायची विनंती करा. पानावर चार रकाने: वेळ, पळण्याच्या लगेच आधी वर्गात काय चाललं होतं, तो कुठे गेला, आणि पळाल्यावर त्याला काय मिळालं. चौथा रकाना सगळे विसरतात, आणि उत्तर बहुधा तिथेच असतं. समजा दहातल्या सात नोंदी फळ्यावरून उतरवून घेण्याच्या वेळच्या निघाल्या, आणि पळाल्यावर शिपाईकाकांबरोबर पाच मिनिटं नळावर पाणी खेळायला मिळालं असं दिसलं. मग तो उगाच पळत नाही. पळालं की लिहिणं टळतं, वर पाणी मिळतं. नोंदी परिपाठ आणि मधल्या सुट्टीच्या आसपासच्या असतील, तर कारण आवाजाचं आणि गर्दीचं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून वही भरण्याआधी घाई नको.

लिहिण्याचा त्रास असेल तर दहा ओळींच्या तीन करा, आणि त्या फळ्यावर न देता बाकावर ठेवलेल्या कागदावर द्या. फळ्याकडे बघायचं, मग वहीकडे, परत फळ्यावर तीच जागा शोधायची, यात बऱ्याच मुलांची दमछाक होते आणि आपल्याला ते दिसत नाही. आवाजाचा त्रास असेल तर बाक घंटेपासून लांब, भिंतीच्या कडेला, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत असावा. पहिल्या बाकावर बसवलं की मागून आलेल्या प्रत्येक आवाजाला तो वळून बघतो. घंटेच्या एक मिनिट आधी बाईंनी घंटेचं चित्र दाखवावं. कानावरचे इअरमफ घंटा, परिपाठ, गॅदरिंग एवढ्यापुरतेच वापरा. दिवसभर घातले तर साधा आवाजही जास्त टोचायला लागतो.

आता दोन वस्तू घरी बनवा. पहिली, चित्रांचं वेळापत्रक. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी, त्यावर वेलक्रो, आणि साधारण 7 सेंटिमीटरची चौकोनी चित्रं. चित्रं त्याच्याच शाळेतली हवीत: त्याच्या बाकाचा फोटो, त्याच्या डब्याचा, त्याच्या मैदानाचा. सुरुवातीला एका वेळी तीनच लावा. एक काम संपलं की त्यानं स्वतः ते चित्र काढून ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकायचं. लाल काठाचं एक ‘बदल’ कार्डही ठेवा. बाई रजेवर असतील, मैदानाऐवजी गाण्याचा तास असेल, तर ते कार्ड सकाळीच त्या चित्रावर लावायचं. वेळापत्रक बिघडतं ते इथेच: शाळा महिनाभर ते नीट चालवते, मग एक दिवस न सांगता काहीतरी बदलतं आणि मुलाचा पट्टीवरचा विश्वास उडतो.

दुसरी वस्तू म्हणजे ‘थोडं बाहेर’ कार्ड. ते गळ्यात किंवा बाकावर हवं. दप्तरात ठेवलेलं कार्ड नसल्यासारखंच. बाहेरची जागा एकच ठरवा, उदाहरणार्थ वाचनालयाच्या दाराशी, बाईंच्या नजरेत. वेळ पाच मिनिटं, स्वयंपाकघरातल्या टायमरवर मोजलेली. पहिल्या आठवड्यात कार्ड असूनही तो पळायला उठेल. तेव्हा रागावू नका. कार्ड त्याच्या हातात द्या, ते तुमच्या हातात घ्या आणि मग बाहेर न्या. पहिले दोन-तीन आठवडे कार्ड दाखवलं की प्रत्येक वेळी सोडायचंच, अगदी तासाला तीनदा दाखवलं तरी. पळण्यापेक्षा कार्ड दाखवल्यानं लवकर सुटका होते हे त्याला पटलं पाहिजे. त्यानंतर ‘आधी दोन ओळी, मग बाहेर’ सुरू करा. आणि शिक्षा म्हणून कार्ड कधीही काढून घ्यायचं नाही, हे शाळेला आवर्जून सांगा. तसं एकदा झालं की तो पुन्हा दाराकडे धाव घेतो.

एवढं करूनही मदतनीस लागला तर तो दिवसभर लागेलच असं नाही. वहीत कोणते तास कठीण आहेत ते दिसेल, तेवढ्याच तासांना ठेवा. त्यानं शेजारी न बसता तिरकं मागे बसावं, आणि सूचना बाईंनीच द्याव्यात. सगळं मदतनीसच सांगू लागला तर सहा महिन्यांनी मुलगा बाईंचं ऐकतच नाही आणि बाईही त्याला आपला विद्यार्थी मानत नाहीत. हे नुकसान भरून काढणं फार अवघड. एक गोष्ट मात्र उद्याच करा: शाळेच्या गेटवरच्या रखवालदाराला मुलाचा फोटो आणि तुमचा नंबर द्या.

नातवाच्या शाळेत गणपतीच्या मिरवणुकीला नाशिक ढोल असतो. तो नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. त्या दिवशी घरीच ठेवावं का? — आजोबा, पंचवटी

आजोबा, आधी त्यालाच विचारा. बोलत नसेल तर मिरवणुकीचं आणि घराचं अशी दोन चित्रं समोर ठेवा. जायचं म्हणाला तर त्याला ढोल सुरू होण्याआधीचं काम द्या, दूर्वा मोजणं किंवा प्रसादाचे द्रोण मांडणं. मिरवणुकीत ढोलपथकापासून जितकं लांब राहता येईल तितकं राहा, इअरमफ घाला, आणि निघायची खूण आधीच ठरवा. ‘सवय होईल’ म्हणून ढोलाशेजारी उभं करू नका. त्यानं सवय होत नाही, धास्ती बसते, आणि मग शाळेचं गेटही नको वाटतं.

जिल्हा परिषद शाळेत मी दोन वर्ग एकत्र शिकवतो, 34 मुलं आहेत. तिसरीतल्या एका मुलीला बौद्धिक अक्षमता आहे, ती फारसं बोलत नाही. वेगळा वेळ कुठून काढू? — शिक्षक, निफाड तालुका

सर, वेगळा तास काढू नका, तो टिकणार नाही. तोच धडा, पण तिचं उद्दिष्ट एकच आणि लहान ठेवा. वर्ग बाजाराच्या हिशेबाची उदाहरणं सोडवत असेल, तर तिनं दहा रुपयांची नोट ओळखून वेगळी काढायची. महिनाभर तेवढंच. ते काम पाच दिवसांत चार दिवस मदतीशिवाय जमलं की पुढची पायरी.

सूचना तीन-चार शब्दांची द्या, ‘वही काढ. पान उघड.’ आणि मग मनात दहापर्यंत मोजा. ही दहा सेकंदं शिक्षकाला फार लांब वाटतात, म्हणून आपण सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देतो. तिच्यासाठी ती नवी सूचना असते आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा सांगायचंच असेल तर तेच शब्द वापरा.

बोलण्यासाठी चित्रफलक द्या: पाणी, शी-शू, दुखतंय, नको, अजून, मदत. ‘नको’ हे चित्र बहुतेक फलकांवर नसतं; ते हवंच. चित्रं दिली तर बोलणं येणार नाही, ही भीती पालकांना असते, पण चित्रांमुळे बोलणं अडत नाही. पालकांकडे फोन असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीत आहे. आणि गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना नुसतं ‘येऊन बघा’ म्हणू नका, ‘तिच्या गणिताची पुढच्या तीन महिन्यांची तीन उद्दिष्टं लिहून द्या’ असं मागा. मग भेटीतून हाती काही लागतं.

मुलगी नववीत आहे, ऑटिझम, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) 50 टक्के. दहावीला कोणत्या सवलती मिळतात आणि कधीपासून धावपळ करावी? — वडील, नाशिक रोड

आत्तापासून. प्रमाणपत्र 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, म्हणजे सवलतींचा पाया आहे. मुख्य सवलती दोन: तासाला 20 मिनिटं जास्त वेळ, आणि गरज असेल तर लेखनिक. अक्षमतेच्या प्रकाराप्रमाणे विषयांच्या बाबतीतही मुभा मिळते, जसं एखादी भाषा सोडून दुसरा विषय घेणं किंवा गणित खालच्या पातळीचं घेणं. गणिताची मुभा घेण्याआधी पुढे तिला काय शिकायचं आहे ते बघा. विज्ञान किंवा तंत्रशिक्षणाचा विचार असेल तर त्या प्रवेशाची पात्रता तपासल्याशिवाय सही करू नका.

अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. कामं रखडतात ती कागदांच्या किरकोळ फरकांवर. जनरल रजिस्टर, आधार आणि यूडीआयडी यांवरचं नाव अक्षर-न्-अक्षर जुळतं का? यूडीआयडी तात्पुरतं असेल तर त्याची मुदत परीक्षेच्या महिन्याच्या पुढे आहे का? नसेल तर नूतनीकरणाचा अर्ज याच वर्षी करा. फेरतपासणीत ऑटिझमसाठी आयएसएए ही मोजपट्टी वापरतात: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि 70 गुणांपासून ऑटिझम धरतात. आई-वडील तिथे मुलीचं कौतुक सांगतात, ‘आता खूप सुधारली आहे.’ कौतुक खरंच असतं, पण डॉक्टरांना रोजचा दिवस कळायला हवा. वर्गशिक्षिकेचं एक पानी टिपण आणि मोबाइलवरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ बरोबर न्या.

लेखनिक हवाच, असं धरून चालू नका. हात सावकाश चालतो पण वाक्य स्वतःचं स्वतः जुळतं, अशा मुलीला लेखनिक अडचणीचा होतो. घरी एक चाचणी घ्या. सारख्याच काठिण्याचे दोन उतारे द्या. एकाची उत्तरं तिनं लिहायची, दुसऱ्याची सांगायची, आणि तुम्ही शेजारी शेजारी ठेवून बघायची. लेखनिक घ्यायचा ठरला तर तो तिच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, आणि नववीच्या घटक चाचणीपासून तोच हवा. ‘नवीन ओळ’, ‘मुद्दा दुसरा’, ‘खोड’ असं सांगणं हे वेगळं कौशल्य आहे, ते जमायला निदान आठ-दहा बैठका लागतात. परीक्षेच्या सकाळी अनोळखी लेखनिक समोर आला तर हुशार मुलंही गप्प होतात.

वाढीव वेळेचाही सराव लागतो. अकराला सुरू झालेला तीन तासांचा पेपर तिच्यासाठी तीनपर्यंत चालेल. मधल्या वेळचं खाणं, लघवीला जाणं, पंख्याचा आवाज, सगळं त्यात आलं. निदान तीन सराव परीक्षा पूर्ण वेळ लावून, त्याच बुटांत आणि त्याच गणवेशात घ्या. केंद्र कळलं की आदल्या आठवड्यात एकदा जाऊन बाक, स्वच्छतागृह आणि पाण्याची जागा दाखवून आणा.

आणि प्रश्नपत्रिकेची भाषा शिकवा. ‘कोणतेही दोन सोडवा’ असताना चारही सोडवणारी मुलं आहेत, कारण समोरचा प्रश्न अर्धवट सोडणं त्यांना चुकीचं वाटतं. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ म्हटल्यावर ‘माझे शब्द म्हणजे कोणते?’ इथे ती थांबतात. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांमधल्या अशा सूचना गोळा करून प्रत्येकीपुढे काय करायचं ते एका ओळीत लिहा, आणि चुकलेल्या पर्यायावर पेन्सिलीनं काट मारायला शिकवा.

शाळेची रचनाच झेपत नसेल तर एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, पर्याय खुला आहे. माध्यमिक परीक्षेला वय 14 पूर्ण लागतं, पाच विषय असतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे वर्षाला एक-दोन विषयही काढता येतात. पण रोजचा वर्ग, मैत्रिणी आणि दिनक्रम त्यात नसतो. तो तुम्हाला उभा करावा लागेल.

मुलीला बौद्धिक अक्षमता आहे, ती 18 ची होते आहे. बँकेत पालकाची सही आता चालणार नाही म्हणतात. — आई, सिन्नर

ताई, 18 पूर्ण झाल्यावर आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, म्हणून बँक विचारते. नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. मात्र मुलगी समजावून सांगितल्यावर स्वतः सही करू शकत असेल तर आधी तिच्याच नावानं खातं चालवून बघा. जेवढे निर्णय ती घेऊ शकते तेवढे तिच्याकडेच राहायला हवेत. त्याच ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. नसेल घेतला तर तोही घ्या.

मी 19 वर्षांचा आहे, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. ऑटिझमचं निदान 17 व्या वर्षी झालं, यूडीआयडी आहे. गटप्रकल्प आणि तोंडी सूचनांमध्ये मी मागे पडतो. कॉलेजला सांगितलं तर लोक वेगळं बघतील का? — विद्यार्थी, गंगापूर रोड

काही जण बघतील, हे खरं आहे. पण सगळ्यांना सांगायची गरज नाही. प्राचार्यांच्या कार्यालयात किंवा समान संधी कक्षात एक पत्र द्या, पोच घ्या, आणि विभागप्रमुखांना त्याची प्रत द्या. वर्गमित्रांना कधी आणि किती सांगायचं ते पूर्ण तुमच्यावर. पत्र सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. विषय राहिल्यावर दिलेलं पत्र सबबीसारखं वाचलं जातं, आणि ते तुमच्यावर अन्यायाचं होईल.

पत्रात ‘समजून घ्यावे’ असं लिहू नका; त्यावर कोणाला काहीच करता येत नाही. असं लिहा: ‘मला ऑटिझम आहे, यूडीआयडीची प्रत जोडली आहे. अंतर्गत परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त मिळावीत. वर्गात तोंडी दिलेल्या सूचना आणि मुदती त्याच दिवशी लेखी मिळाव्यात. प्रात्यक्षिकाचा जोडीदार सत्रभर तोच असावा. गटप्रकल्पात माझं काम आणि तारीख लिहून ठरावी.’ चार ओळी पुरेत. यातली एकच मिळणार असेल तर लेखी सूचनांची धरा, बाकीच्या अडचणी त्यानं निम्म्या होतात. 2016 च्या कायद्यात वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, म्हणून ही मेहेरबानी मागणं नव्हे. कॉलेजनं दाद दिली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला, तक्रार करता येते.

गटप्रकल्पात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘बघू, करू’ या बोलण्यानं. पहिल्या बैठकीनंतर त्याच संध्याकाळी तुम्हीच ग्रुपवर लिहा: ‘माझ्या समजुतीप्रमाणे मी आकडेवारीचा तक्ता 12 तारखेपर्यंत देणार, बरोबर?’ उत्तर आलं की काम पक्कं. शिवाय रविवारी अर्धा तास काढून पुढच्या आठवड्याचं प्रत्येक काम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत वहीत मांडा, आणि पहिला तुकडा इतका सोपा ठेवा की नुसती फाइल उघडून नाव द्यायचं. सुरुवात करणं हाच जिथे अडथळा असतो तिथे हे उपयोगी पडतं. तासांच्या मधल्या रिकाम्या वेळेसाठी कँटीन सोडून एक शांत जागा शोधून ठेवा.

आणि शिष्यवृत्तीचं बघा. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तुम्हाला 40 टक्के किंवा जास्त प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत निदान 5 टक्के जागा राखीव असतात. पदव्युत्तर प्रवेशाला ते लक्षात ठेवा.

मुलगी 18 ची, सौम्य बौद्धिक अक्षमता. सातपूरला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. सिडकोहून सिटीलिंक बसनं एकटी जाऊ शकेल का? — आई-वडील, सिडको

बहुतेक जाऊ शकेल, पण शिकवायचं शेवटाकडून. पहिल्या आठवड्यात तुम्ही पूर्ण रस्ता बरोबर जा. फक्त बसथांब्यापासून संस्थेच्या गेटपर्यंत ती पुढे आणि तुम्ही वीस पावलं मागे. ते चार दिवस नीट जमलं की उतरण्याची वेळ तिनं ठरवायची. मग पास दाखवणं, मग बसची पाटी वाचून चढणं, असं मागे मागे घराकडे या. रोजचा शेवट तिनं स्वतः पोहोचण्यानं होतो, त्यामुळे हुरूप टिकतो. सहा ते आठ आठवडे धरा.

थांबे मोजायला शिकवू नका. कोणी चढणारं-उतरणारं नसेल तर बस थांबत नाही आणि मोजणी चुकते. त्यापेक्षा उतरण्याआधीच्या दोन ठळक खुणा शिकवा, एखादा पेट्रोल पंप, एखादं मोठं देऊळ. पहिली दिसली की पिशवी खांद्याला, दुसरी दिसली की दाराशी. रस्ता ओलांडणं मात्र वेगळं आणि सर्वांत शेवटी शिकवा. जमलं तर दोन पावलं जास्त चालावी लागली तरी चालतील, पण ओलांडावं लागणार नाही असाच थांबा निवडा.

शेवटच्या दोन आठवड्यांत मुद्दाम चुका करा. एक थांबा पुढे जाऊन उतरा. फोनची बॅटरी संपली असं धरा. तिच्या पासाच्या मागे एक कार्ड ठेवा: ‘मला सातपूरला उतरायचं आहे. मी चुकले असेन तर कृपया या नंबरवर फोन करा.’ ते कंडक्टरला दाखवायचा सराव खऱ्या बसमध्ये, खऱ्या कंडक्टरसमोर, निदान पाच वेळा करून घ्या. सण-उत्सवात आणि सिंहस्थाच्या गर्दीत बसचे मार्ग बदलतात. त्या दिवसांत पुन्हा बरोबर जा.